अठरा इंचांची कोठी

दुपारी आमच्या गल्लीत सुताचे बारीक तंतू हवेत तरंगत असायचे. उन्हाचा पट्टा दारातून आत आला की ते त्यात दिसत आणि बघता बघता डोळे जड होत. घरोघरी यंत्रमाग चालू. बाहेरगावचा पाहुणा आला की कानांवर हात ठेवायचा. आम्हाला मात्र त्या खडखडाटातच झोप लागायची. सत्तरच्या दशकातलं ते सोलापूर मला अजूनही असं अर्धवट झोपेतच आठवतं. दोऱ्यांवर वाळत घातलेलं लाल, निळं, हिरवं सूत, त्याखालून वाकून जाणारी माणसं आणि आमच्या पडवीत उभी असलेली माझी पेटी.

पेटी म्हणजे स्पीकरची. दिवसा मी रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात बसायचो आणि संध्याकाळी एका ऑर्केस्ट्रात बेस गिटार वाजवायचो. चार जाड तारांची गिटार. ऑर्केस्ट्रातला बेसवाला म्हणजे मंगलाष्टकांच्या वेळी मागं उभा राहणारा मामा. तो असावाच लागतो, पण बघत त्याच्याकडे कोणी नाही. त्यात आमचे कार्यक्रम मंडपवाल्याच्या पत्र्याच्या कर्ण्यांवर चालायचे. त्या कर्ण्यांतून गायिकेचा आवाज पार पुलापलीकडे जायचा आणि माझा बेस माझ्या पायाशीच मरायचा. मी तक्रार केली की ऑर्केस्ट्राचे मास्तर म्हणायचे, "अरे, बेस ऐकायचा नसतो. तो असतो." हे वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरायचं. 

डोकं फिरायला कारण होतं. माझी आई गिरणीत सुताच्या कांड्या भरायच्या खात्यात होती. शेजारीच मागांचं खातं. तिथं आयुष्य घालवून ती बाहेर आली तेव्हा तिचे कान बरेचसे तिथंच राहिले होते. कानाच्या डॉक्टरांनी सांगितलं, बारीक आवाज आधी जातात, जाड आवाज शेवटी. आणि उरलेत तेही हळूहळू जाणार. चिमण्या गेल्या होत्या, बांगड्या गेल्या होत्या, कुकरची शिट्टी गेली होती. गिरणीचा भोंगा, गड्ड्याच्या जत्रेतला ढोल आणि दारावरून जाणारा ट्रक एवढंच तिला ऐकू यायचं. मी वाजवायला बसलो की ती समोर बसून माझी बोटं बघायची. एकदा म्हणाली, "बोटं झ्याक हालत्यात. आवाज बी तसाच आसंल की." ती हे हसत म्हणाली. तिला ऐकू येईल असं वाद्य माझ्या हातात होतं आणि तरी तिनं मला कधी ऐकलं नव्हतं. उरलेला जाड आवाज जायच्या आत तिनं मला एकदा ऐकावं, एवढंच मला हवं होतं. 

तोंडानं बोलून उपयोग नसल्यामुळे गिरणीतल्या बायकांची हातांची एक भाषा होती. आई ती घरीही वापरायची. मूठ गोल फिरवली की यंत्र बंद. तळवा छातीवर ठेवला की ठीक चाललंय. अंगठा आणि पहिलं बोट एकमेकांवर टेकवून झटक्यात सोडली की धागा तुटला. तीच बोटं पिळली की गाठ मार, चालू कर. मला शाळेतली बाराखडी यायच्या आधी ही येत होती.

शहरातल्या एका टॉकीजनं पडद्यामागचे जुने स्पीकर काढून टाकले तेव्हा त्यातला एक अठरा इंची वूफर, म्हणजे जाड आवाजाचा स्पीकर, मी उचलून आणला. परातीएवढा. बेस गिटारला त्या काळी बारा इंची मिळाला तरी लोक पेढे वाटायचे. मास्तर म्हणाले, "हा स्पीकर आहे का विहिरीचं झाकण?" त्याचा कागदी पडदा कडेला फाटला होता. मी तो पातळ मलमलीच्या पट्टीनं आणि सरसानं जोडला आणि दोन दिवस पडवीत पालथा ठेवला. आई येता-जाता त्याच्याकडे आजाऱ्याकडे बघावं तशी बघायची.

पेटीसाठी मी माग दुरुस्त करणाऱ्या सुताराला गाठलं. तो शेजारच्याच गल्लीतला, घरी तेलुगू बोलणारा, आणि थट्टेला बसला की उठायचा नाही. मी मापं सांगितली तेव्हा त्यानं पेन्सिल कानावर परत ठेवली.

"स्पीकर ठिवायचाय का ज्वारी?"

"मोठ्या स्पीकरला आत मोकळी हवा लागते," मी म्हणालो.

"मग कोठीच की ही! मंगळवेढ्याची चार पोती निवांत बसतील बघ."

त्या दिवसापासून गल्लीत तिचं नाव कोठी पडलं. 

जाड प्लायवूड, कोपऱ्यांत सागाच्या पट्ट्या. मागाचा सांगाडा दिवसभर हादरे खातो, म्हणून सुतार नुसत्या खिळ्यांवर कधीच विसंबत नसे. त्यानं पेटीलाही तशाच खाचा पाडून सांधे बसवले. फटी लाकडाच्या भुशात सरस कालवून बुजवल्या. मग मी आत ऊद पेटवून ठेवला, वूफरच्या भोकावर पाट दाबून धरला आणि आम्ही दोघं पेटीभोवती बसून धूर कुठून निसटतोय ते बघत राहिलो. दुपार होती, गल्ली खडखडत होती, उदाचा वास आणि लाकडाचा वास एकमेकांत मिसळला होता. एका कोपऱ्यातून निळसर रेघ वर आली. सुतारानं बोट टेकवलं. मी तिथं सरस लावला. इतका सुखी मी नंतर फार वेळा झालो नाही.

पेटीला आतून अस्तर लागतं, नाहीतर आवाज घुमून गढूळ होतो. मी आईकडे एक जुनी चादर मागितली. 

"आवाजाला थंडी वाजती व्हय?" तिनं विचारलं आणि आपल्या अंथरुणातली लाल-काळी चादर काढून दिली. 

बातमी गल्लीत गेली. सोलापुरात चादर मागितल्यावर एकच मिळेल असं कसं होईल? कुणी विणताना बिघडलेली आणली, कुणी काठ उसवलेली, कुणी सुताच्या चिंध्यांचं गाठोडं. "लई थोरली हाय की, भर अजून," म्हणत सगळ्यांनी मिळून कोठी अशी ठासून भरली, जशी लेकीची सासरी जाताना ट्रंक भरतात. मलाही नको म्हणवलं नाही.

भर दुपारी, माग चालू असतानाच मी भोकात वूफर बसवला, दुकानातला अ‍ॅम्प्लिफायर जोडला आणि गिटारची सगळ्यांत जाड तार छेडली. 

आधी शेजारचा माग थांबला. मग समोरचा. मी पुन्हा तार छेडली, तर पलीकडचे दोन थांबले. कुणी मोटारीला हात लावून बघतंय, कुणी पट्टा ओढून बघतंय. जमिनीतून आलेली घरघर ऐकून प्रत्येकाला वाटलं होतं, आपल्याच मोटारीचं बेअरिंग गेलं. सगळी गल्ली गप्प झाली. हवेतले तंतूसुद्धा खाली उतरायचे थांबल्यासारखे वाटले. 

आणि स्वयंपाकघरातून आई बाहेर आली. मला वाटलं, तिला ऐकू आलं. तिनं मूठ गोल फिरवली आणि विचारलं, "लाईट गेली व्हय रं?"

तिला माझा आवाज आला नव्हता. पायाखालची थरथर थांबली म्हणून गल्ली बंद पडलेली तेवढी कळली होती. मी तिचा हात धरून पेटीवर ठेवला आणि परत वाजवलं. ती लक्ष देऊन उभी राहिली. मग म्हणाली, "हालतंय. पन बोलत न्हाय."

ती आत गेली आणि मी पडवीत बसून राहिलो. सुतार आला, त्यानं वूफर उतरवून भोकातून आत हात घातला आणि एक चादर ओढली. मग दुसरी. "येवढी पांघरुणं घातल्यावर कोन बोलंल? झोपलंय ते!" आम्ही सगळं बाहेर काढलं आणि फक्त आईची चादर मागच्या फळीला ठोकली. वूफर बसवून पुन्हा वाजवलं तेव्हा आवाज मोकळा, गोल होऊन बाहेर आला. आई तेव्हा बाजारात गेली होती. ती परतल्यावर मी तिला ऐकवलं नाही. पुन्हा "बोलत न्हाय" म्हणाली असती तर माझ्याजवळ दुसरा उपाय नव्हता.

गणपतीत आमच्याच भागात कार्यक्रम होता. कोठी हातगाडीवरून नेली. मास्तर कुरकुरले, पण ती उतरवून घेताना त्यांनीही हात लावला. आई पहिल्या रांगेत, कोठीच्या समोर, शेजारच्या बायकांबरोबर बसली होती. पहिली दोन गाणी मी मान वर केली नाही. तिसऱ्या गाण्यात राहवलं नाही म्हणून बघितलं.

आईचे डोळे मिटलेले होते. ती माझी बोटं बघत नव्हती. तिचा तळवा मांडीवर पडत होता, माझ्या प्रत्येक सुराबरोबर, अचूक. 

माझी बोटं थांबली. एखादाच ठेका असेल. गायिकेला कळलं नाही, मास्तरांना कळलं नाही, समोरच्या एवढ्या गर्दीत कुणालाच कळलं नाही.

आईनं खाडकन डोळे उघडले. हात वर केला, अंगठा आणि बोट टेकवून झटक्यात सोडलं. धागा तुटला. मी तसाच उभा. तिनं भुवया उंचावल्या आणि तीच बोटं हवेत जोरात पिळली.

मी गाठ मारली आणि वाजवायला लागलो. मला समोरचं काही नीट दिसत नव्हतं. तिनं तळवा छातीवर ठेवला होता, एवढं मात्र दिसलं.