नेहमीचं दुखणं वजा जाता

काटेवाल्यांच्या दुकानात एका वेळी दोनच माणसं उभी राहू शकतात. खिडकीशी टेबल, टेबलावर काचेची पेटी, पेटीत सोनारी तराजू. बाजूच्या लाकडी डबीत पितळेची प्रमाण वजनं मखमलीत बसवलेली. ती चिमट्यानेच उचलायची, बोटांचा घाम लागला तरी वजन फिरतं. काटेवाले एकाहत्तर वर्षांचे आहेत आणि त्यातली चव्वेचाळीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांचे काटे दुरुस्त केले. तराजूची दांडी ज्या पोलादी धारेवर झुलते, ती झिजली आहे की नाही हे ते भिंगाने बघत नाहीत. उजव्या हाताच्या मधल्या बोटाचं टोक धारेवरून अलगद फिरवतात आणि सांगतात.

साडेचार वर्षांपूर्वी त्यांना प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला, तोही हाडांत पोहोचलेला. दर तीन महिन्यांनी एक इंजेक्शन सुरू झालं. ज्या पुरुषी हार्मोनवर हा आजार पोसला जातो, ते शरीरात बनणंच त्याने बंद होतं. रक्तातला पीएसएचा आकडा, म्हणजे या आजाराचं माप, शहाऐंशीवरून शून्य पूर्णांक तीनवर आला. इंजेक्शनने घाम फुटायचा, दंड बारीक झाले, पण चार वर्षं एक दिवस दुकान बंद राहिलं नाही. या चार वर्षांबद्दल ते आजही, उधार दिलेली वस्तू कोणी न मागता परत आणून द्यावी तशा सुरात बोलतात.

मग आकडा चढू लागला. आधी एक, मग दोन, मग चार पूर्णांक आठ. काटेवाल्यांनी पहिला संशय घेतला तो यंत्रावर.

"माल खोटं बोलत नाही, काटा बोलतो," त्यांनी बायकोला सांगितलं आणि आणखी दोन लॅबमध्ये रक्त देऊन आले. एकीकडे चार सहा, दुसरीकडे चार नऊ.

"झालं समाधान?" बायको म्हणाली. त्या शाळेत गणित शिकवून निवृत्त झाल्या आहेत. "आता चौथ्या ठिकाणी जाऊ नका. अंगात रक्त राहू द्या थोडं."

डॉक्टर त्यांच्या मुलीच्या वयाच्या. त्यांनीही लगेच निकाल दिला नाही. इंजेक्शन खरंच काम करतंय का, हे बघायला आधी हार्मोनची पातळी तपासली. ती तळालाच होती. आधी साधन तपासणारी ही बाई काटेवाल्यांना त्या दिवशीच पटली.

"इंजेक्शनचं काम चोख आहे, काका," डॉक्टर म्हणाल्या. "पण आजार आता त्याला सरावलाय. उरल्यासुरल्या हार्मोनवर वाढायला शिकलाय. इंजेक्शन बंद नाही करायचं, त्याच्या जोडीला दुसरं काहीतरी द्यायचं."

दुसरं म्हणजे काय, हे त्यांनी कागदावर लिहून दाखवलं. एक, रोजच्या गोळ्या. उरलेलं हार्मोनही बंद पाडणाऱ्या, सोबत थोडं स्टिरॉइड. दोन, केमो, दर तीन आठवड्यांनी सलाईनमधून. शिवाय हाडांतल्या आजारासाठी किरणोत्सारी औषधं होती, आणि जनुकांच्या तपासणीत विशिष्ट दोष सापडला तरच देता येणाऱ्या गोळ्या. "यातलं काहीही आजार मुळासकट काढणार नाही. पण रोखून धरतं, आणि एक थकलं की पुढचं हाताशी असतं."

काटेवाल्यांनी एकच प्रश्न विचारला. "बोटांचं काय?"

"गोळ्यांत बोटांना सहसा धोका नाही. रक्तदाब आणि यकृत यांवर लक्ष ठेवावं लागेल. केमोत मात्र काहींच्या बोटांना मुंग्या येतात, बधिर होतात. बहुतेकांचं नंतर सुधारतं. काहींचं राहतं."

"मग गोळ्या."

"दुखत काही नाही ना? दहापैकी किती?"

"शून्य."

डॉक्टरांनी शून्य लिहिलं आणि पंधरा दिवसांनी यायला सांगितलं.

काटेवाले उठले. वजन आणि रक्तदाब बघणारी सिस्टर दाराशी उभी होती. ते आधी खुर्चीच्या कडेला सरकले, दोन्ही हात गुडघ्यांवर टेकले, थांबले, मग उभे राहिले. सिस्टरने वाटच अडवली.

"काका, शून्यवाला माणूस असा उठतो?"

"पाठ थोडी धरते. ते नेहमीचंच."

"नेहमीचं म्हणजे किती?"

"सहा असेल. पण ते धड्यात गेलं ना."

सिस्टरला कळेना. काटेवाल्यांनी समजावलं. तेल तोलायचं तर रिकाम्या डब्याचं वजन धरून चालत नाही. दुसऱ्या पारड्यात तेवढंच वजन टाकून काटा आधी मध्यावर आणायचा. त्याला धडा करणं म्हणतात. मग जे भरेल ते निव्वळ तेल. पाठीचं दुखणं गेले तीन महिने रोज होतंच. ते वजा जाता त्या दिवशी नवीन काही नव्हतं. म्हणून शून्य.

"आणि चार दिवस जिन्याचा कठडा धरून चढताय, ते पण धड्यातच का?" सोबत आलेली बायको म्हणाली. "मला सांगितलं, चप्पल सैल झालीय!"

सिस्टरने त्यांना पुन्हा डॉक्टरांसमोर नेऊन बसवलं. डॉक्टरांनी पाय दाबून, उचलायला लावून पाहिले आणि त्याच दुपारी पाठीचा एमआरआय करून घेतला. पाठीच्या मधल्या एका मणक्यात आजार वाढून मज्जारज्जूला टेकला होता. अजून काही दिवस असेच गेले असते तर दोन्ही पाय गेले असते, आणि गेलेले पाय बहुधा परत आले नसते. लगोलग स्टिरॉइड सुरू झालं. दुसऱ्या दिवसापासून पाच दिवस रेडिएशन.

त्या पाच दिवसांत बायकोने एकदाच तोंड सोडलं. "बोटं राखली असती आणि पाय घालवले असते. दुकानात काय रांगत जाणार होतात?"

पाय वाचले. दुखणं सहावरून चारवर आलं. मग गोळ्या की केमो, हा प्रश्न पुन्हा पुढ्यात आला, कारण आता उत्तर शून्यावर बेतलेलं चालणार नव्हतं. डॉक्टर म्हणाल्या, दुखणं होतं हे धरलं तर केमोची बाजू आधीपेक्षा जड आहे, पण गोळ्याही चुकीच्या नाहीत. काटेवाल्यांनी तिथेच शब्द दिला. आधी गोळ्या. तीन महिन्यांत आकडा किंवा दुखणं चढलं तर केमो, बोटांची सबब न सांगता. बायकोने साक्षीदार म्हणून मान डोलावली.

सकाळी सहाला रिकाम्या पोटी चार गोळ्या, पुढे तासभर काही खायचं नाही. तो तास ते वर्तमानपत्रावर काढतात आणि चहाच्या नावाने कुरकुरतात. परवा तीन महिने झाले. गोळ्या सुरू होईपर्यंत अकरावर गेलेला पीएसए एक पूर्णांक दोनवर आला. गोळ्याही एक दिवस थकतील, हे डॉक्टरांनी लपवलेलं नाही. काटेवाल्यांचं म्हणणं, कुठलीच धार जन्मभर टिकत नाही. टिकते तोवर काम घ्यावं.

त्या दिवशी तपासणीला जाताना ते पिशवीत पाने-पेचकस आणि वजनं घेऊन गेले होते. वजन करून झाल्यावर तपासणीच्या खोलीतला उभं राहायचा काटा त्यांनी आडवा केला आणि दहा मिनिटांत सारखा करून दिला. तो सव्वा किलो जास्त दाखवत होता.

"कधीपासून?" सिस्टरने विचारलं.

"दुसऱ्या भेटीत लक्षात आलं. न विचारता दुसऱ्याच्या काट्याला नावं ठेवू नयेत, अशी आमच्यात पद्धत आहे. मी घरी जाऊन सव्वा किलो वजा करायचो."

"आणि मी इकडे सगळ्यांना जाड ठरवतेय! सगळं मनातच वजा करता का हो तुम्ही?"

"आता नाही करत. तुमच्यामुळे पायांवर चालत आलोय, सिस्टर. यापुढे बोलायचं ठरवलंय. म्हणून तर हा उघडला."

सिस्टरने पेन काढलं. "बोला मग. आज दुखणं किती?"

काटेवाल्यांनी पाठ ताठ केली, पाय हलवून पाहिले.

"तीन," ते म्हणाले. "डब्यासकट."