सात दिवसांचं ॲप

आमच्या ऑफिसात आला की तो आधी रुमालाने हात पुसायचा, हात स्वच्छ असले तरी. मग माझ्या मॅक कॉम्प्युटरसमोर खुर्चीच्या अगदी कडेला बसायचा आणि म्हणायचा, "एकच तास, सर. तुम्ही हाकललं की उठतो."

मी त्याला कधी हाकललं नाही. हाकललं असतं तर बरं झालं असतं, असं आता वाटतं.

शिफ्ट संपली की ज्यांचं खरं काम सुरू होतं, अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. हा हिंगोलीकडचा, पस्तिशीचा, चाकणच्या एका कारखान्यात प्रेस मशीनवर कंत्राटी कामगार. मशीन बंद पडलं की मेंटेनन्सवाल्याला शोधत कारखानाभर फिरावं लागायचं. म्हणून जुन्या विंडोज लॅपटॉपवर, व्हिडिओ बघून शिकत, त्याने एक ॲप लिहिलं. बटण दाबलं की कुठलं मशीन अडलंय ते सगळ्यांना कळायचं. कामगारांच्या अँड्रॉइड फोनवर ते झकास चालत होतं. पण प्लँट हेड म्हणाले, "आमच्या सगळ्यांकडे आयफोन आहेत. त्यावर चालवून दाखव." पसंत पडलं तर त्याला कायम करून ऑफिसात घेणार होते. नाहीतर दिवाळीआधी त्याचं कंत्राट संपत होतं.

आयफोनसाठी ॲप तयार करायला मॅक लागतो. तो माझ्याकडे होता. आकुर्डीत दोन खोल्यांत मी ॲप बनवायचं छोटं ऑफिस चालवतो. कुणाच्या तरी ओळखीने तो आला. आठवडाभर लॅपटॉपवर कोड लिहायचा आणि रविवारी सकाळी माझ्या मॅकवरून ते ॲप मेहुण्याच्या आयफोनमध्ये टाकायचा. फुकटच्या खात्यावरून असं टाकलेलं ॲप सातच दिवस चालतं. मग उघडतच नाही. पुन्हा मॅकवरून टाकावं लागतं.

"बाजारच्या भाजीवानी हाय सर," तो हसायचा. "दर आठवड्याला ताजी आणा."

एका रविवारी माझंच एक काम अडलं होतं. तीन दिवस मी डोकं फोडत होतो. त्याने मागून पाहिलं. "सर, बोलू का? ही ओळ वर घ्या की." घेतली, आणि चाललं.

ऑफिसातली मुलगी हसली, "सर, आता खुर्ची दादांनाच देऊन टाका!"

"काय बी काय बोलता ताई. सरांमुळं तर शिकायलोय."

मीही हसलो. पण ते मला लागलं. वीस वर्षं या धंद्यात काढलेला माणूस मी. मुलगी नवी, तिला काय कळतं, असं स्वतःला सांगत राहिलो. आठवडाभर तेच.

पुढच्या सोमवारी प्लँट हेड साहेबांना ॲप दाखवायचं होतं. आदल्या दिवशी, रविवारी, सात दिवस संपले म्हणून, तो ठरल्याप्रमाणे आला. मी त्याला दारातच गाठलं. "अरे, मॅक रिपेअरला गेलाय."

मॅक आतल्या खोलीत चालू होता. मधलं दार मी ओढून घेतलं होतं.

त्याचा चेहरा उतरला. आणि म्हणाला काय? "अरारा! मग तुमचं काम कसं व्हायचं सर? पिंपरीत माझ्या ओळखीचा एक रिपेअरवाला हाय. चला, मी येतो संगं."

"नको, दिलाय मी एकाकडे."

"दुसऱ्या कुणाकडं असंल का मॅक?"

"कल्पना नाही रे."

होती. मॅक असलेल्या दोघांचे नंबर माझ्या खिशातल्या फोनमध्ये होते. चप्पल घालायला त्याला बराच वेळ लागला.

सोमवारी दुपारी त्याचा फोन आला. "उघडलंच न्हाई सर. फोनची तारीख मागं करून बघितली, तरी न्हाई. साहेबांनी दोनदा बोट लावलं, मग म्हणले, 'जा, कामाला लाग.' माझंच चुकलं. आधीच दुसरी सोय बघून ठेवायला पाहिजे होती."

"होतं असं," मी म्हटलं.

दिवाळीआधी कंत्राट संपलं. बायको-मुलीला घेऊन तो गावी गेला.

मागच्या वर्षी एकदा त्याने फोन केला. गावातल्या सेवा केंद्रात लोकांचे फॉर्म भरतो म्हणाला. ॲपचं विचारलं तर म्हणाला, "सोडलं सर. लॅपटॉप बी विकला." मग त्यानेच विचारलं, "तुमचा मॅक झाला ना नीट? त्या दिवशी तुम्ही लई टेन्शनमधी दिसत होते."

सांगायची वेळ ती होती. पलीकडे फॉर्मसाठी कुणीतरी त्याला घाई करत होतं.

मी म्हटलं, "झाला."

"बरं झालं," तो म्हणाला. त्याला खरंच बरं वाटलं होतं. आवाजावरून कळत होतं.