देव्हाऱ्यावरचा आकडा

हरेश्वरभाऊ कुणाच्याही घरी गेले की आधी भिंतीला तळहात लावत. पाणी नंतर, नमस्कारही नंतर. बोईसरच्या आमच्या फ्लॅटवर पहिल्यांदा आले तेव्हा माझी बायको पाण्याचा पेला घेऊन उभी, आणि हे गृहस्थ डोळे मिटून भिंत चाचपताहेत. मला वाटलं, आता घराला ओल आलीय असं सांगून चारचौघांत माझी अब्रू काढणार.

माणूस किनाऱ्यावरच्या मुरबे गावचा. घरातले सगळे दर्यावर जाणारे, हे एकटे कारखान्यात आले. मी तिथे स्टोअर सांभाळायचो, हे तापमान मोजायची उपकरणं. तरुण इंजिनियर पडद्यावरचा आकडा वाचून मोकळे होत, तर हे दरवेळी जिना चढून टाकीपाशी जाऊन येत. "आकडा खोटा नसतो साहेब," म्हणायचे, "पन तो जितं बसलाय तितलंच सांगतो." मी हसायचो. मला वाटायचं, यांना जिने चढायची हौसच आहे.

दोन वर्षांपूर्वी आईला पक्षाघात झाला. वाचा गेली, उजवी बाजू गेली, डावा हात तेवढा हलायचा. मे महिन्यात डॉक्टरांनी तिची खोली गार ठेवायला सांगितलं. मी एकदम अख्ख्या घराला छतातून हवा देणारा एसी बसवला. घर पुरेसं गार झालं की यंत्राला थांबवणारी भिंतीवरची डबी, म्हणजे थर्मोस्टॅट, कुठे लावू, असं कारागिराने विचारलं. मी हॉलमधल्या देव्हाऱ्याच्या बरोबर वरची जागा दाखवली. आल्यागेल्याला आकडा दिसायला हवा होता ना.

यंत्र काही थांबेना आणि आकडा एकोणतीसच्या खाली येईना. सहाव्या दिवशी हरेश्वरभाऊंना बोलावलं. भिंतीला हात लावून झाल्यावर त्यांनी यंत्राकडे बघितलंही नाही. आजारी माणूस कुठे आहे, एवढंच विचारलं. आईच्या खोलीत गेले, दार लावून घेतलं आणि स्टुलावर बसून राहिले. दहा मिनिटं झाली. मी बाहेर चरफडत होतो. मग त्यांनी हाक मारली.

"साहेब, आईच्या पायाला हात लावा."

मी लावला आणि झटकन मागे घेतला. बाजारात बर्फावर ठेवलेल्या मासळीला हात लागावा तसे पाय होते. नखं निळसर पडली होती. मी पलंगाच्या कडेला बसलो.

सहा दिवस ती आम्हाला सांगत होती. डाव्या हाताने ती चादर ओढायची. आम्हाला वाटलं, उकडतंय, काढा म्हणतेय. बाहेर भिंतीवर एकोणतीस दिसत होते ना. आम्ही चादर काढली. मग ती अंगातला गाऊन ओढायला लागली, तर आम्ही एसी आणखी दोन अंशांनी उतरवला. बाहेरच्या उन्हातून येऊन दोन मिनिटं तिच्याजवळ उभे राहायचो आणि म्हणायचो, किती छान गार आहे.

हरेश्वरभाऊंनी कपाटातली गोधडी काढून तिला गुंडाळली, पाय मांडीवर घेऊन चोळत बसले. ऊब आल्यावरच उठून हॉलमध्ये गेले. डबीच्या बरोबर खाली नंदादीप तेवत होता. तो कधी विझू द्यायचा नाही, हा आईचाच नेम, आणि माझी बायको तो न चुकता पाळत होती. दिव्याची धग थेट डबीला लागत होती; डबीला घर कायम तापलेलंच वाटायचं आणि यंत्र आईच्या छोट्या खोलीत गारवा ओतत राहायचं. मला वाटलं, आता हे रागावतील. रागावले असते तर बरं झालं असतं.

"डबीची जागा मी बदलीन, साहेब," ते म्हणाले. "पन आई समोर हाय, आनि तुमी भिंतीला इचारत होते."

त्याच दिवशी डबी आईच्या खोलीत आली. खिडकीशी नाही, झोताखाली नाही, उन्हाने तापणाऱ्या भिंतीवरही नाही. आतल्या भिंतीवर, तिच्या उशीच्या उंचीला. स्क्रू आवळून झाल्यावर आईने डावा हात त्यांच्या हातावर ठेवला. माझ्याकडे तिने पाहिलं नाही. पुढे ती वर्षभर जगली, पण तो दिवस मला अजून गिळता आलेला नाही.

गेल्या महिन्यात सकाळी फोन आला. हरेश्वरभाऊ गेले. आदल्या दिवशीच त्यांच्याशी बोललो होतो, विश्वासच बसेना. मुरब्याला पोचलो, दारातून आत शिरताना माझा हात आपसूक भिंतीला लागला. नमस्कारासाठी वाकलो आणि पायांना हात लावला. तोच गारठा.

चादर थोडी वर सरकली होती. उपयोग नाही हे कळत असूनही मी ती खाली ओढली आणि त्यांचे पाय नीट झाकले.