पोह्यांखालचं अंडं

महूच्या अलीकडे, राऊमध्ये आम्ही ज्या घराच्या गच्चीवर राहायचो, ती खोली आम्हाला आईच्या एका शब्दावर मिळाली. मी खाली टेम्पोतून गाद्या उतरवत होतो. मालकीणबाई जिन्यात उभ्या होत्या. त्यांनी आईला विचारलं, "माताजी, अंडा-वंडा तो नहीं चलता ना आपके यहाँ?" आई म्हणाली, "नहीं जी." एवढंच. नंतर सामानात बुद्धांचा फोटो दिसला तेव्हा बाईंना आणखी बरं वाटलं. "बुद्ध भगवान तो वैसे भी अहिंसा वाले थे," त्या म्हणाल्या. आई फोटोची काच पदराने पुसत राहिली.

खोट्याबद्दल मी आईला काही बोललो नाही. त्याआधी आम्ही चार-पाच घरं बघितली होती आणि खरं बोलून परत आलो होतो. ही खोली माझ्या कॉलेजपासून चालत जाण्याच्या अंतरावर होती. मी तिथल्या केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये नोकरीला आहे. हॉस्पिटलची बस कोपऱ्यावर मिळायची. आईला आणखी जिने चढवत फिरवणं शक्य नव्हतं. तिच्या गर्भपिशवीचं ऑपरेशन करायचं होतं आणि डॉक्टर करत नव्हते. रक्त कमी, अंगात प्रोटीन कमी. "ऐसी हालत में मैं हाथ नहीं लगाऊँगी," डॉक्टरबाईंनी सांगितलं. "खिलाइए. सुबह का नाश्ता भारी रखिए. रिपोर्ट सुधरे तो तारीख देती हूँ."

आमच्या घरात कॉलेजची पदवी घेतलेला मी पहिला. हे मी मुद्दाम सांगतो, कारण मला त्याचा अभिमान आहे. बी. एस्सी. झालेल्या माणसाला प्रोटीन म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नाही. ते आईच्या पोटात कसं जाईल, एवढाच प्रश्न होता.

त्या वर्षी थंडी चांगली पडली होती. सकाळी गच्चीवरच्या नळाला हात लावला की बोटं सुन्न व्हायची. अशा सकाळी आईला हवा असायचा फक्त चहा आणि टोस्ट. मी मुगाच्या डाळीची धिरडी घालून बघितली, आलं-मिरची लावून. दोन घास बरे लागले, मग दुपारभर ती पोट धरून बसली. मटकीची उसळ केली, तेच. मालकांचं शेत बेटम्याकडे होतं, तिथून हिरवा हरभरा यायचा. बाईंनी प्रेमाने टोपलीभर वर पाठवला. मी तो उकडून, वर लिंबू पिळून दिला. त्या रात्री आई म्हणाली, "तुझ्या डाळींनी मी ऑपरेशनच्या आधीच जाते बघ." दूध तिला लहानपणापासून पचत नाही, चहात घालू तेवढंच. पनीर तोंडात फिरत राहायचं. "रबड चावल्यासारखं लागतंय," म्हणायची.

उरलं अंडं. ते तिला आवडायचंही आणि पचायचंही. तिचे वडील महूला पलटणीत होते. थंडीत ते इनॅमलच्या मगमध्ये अंडं उकडून, मीठ-मिरं लावून लेकीला द्यायचे. ती चव तिच्या जिभेवर होती.

मग आमची एक पद्धत ठरत गेली. अंडी मी कॉलेजातून येताना घ्यायचो. वर्तमानपत्रात गुंडाळून, स्टीलच्या डब्यात, डबा लॅपटॉपच्या बॅगेत. ती उकडायची चहाच्या केटलीत, कारण केटलीला झाकण असतं. पाणी उकळलं की केटली आपोआप बंद पडायची, मी परत बटण दाबायचो, पुन्हा बंद, पुन्हा बटण. तेवढ्यात गॅसवर पोह्यांची फोडणी टाकायची आणि तिच्यात हिंग जरा जास्तच घालायचा. खिडकी उघडली की बाहेर फक्त हिंगाचा वास जायचा. बाई खालून म्हणायच्या, "भिया, रोज क्या खुशबू आती है आपके पोहे की!"

ताटलीत खाली अंडी, अर्धी कापलेली. वर गरम पोहे, त्यावर शेव, कोथिंबीर, जिरावण मसाला. आई ती ताटली घेऊन गच्चीवर उन्हात बसायची, कारण खोलीत ऊन येत नव्हतं आणि तिला थंडी सोसत नव्हती. गच्ची मात्र सगळ्यांची. बाई तिथे कपडे वाळत घालायला यायच्या, आणि आल्या की टेकायच्या. अशा वेळी आई वरवरचे पोहे एकेक चमचा करून खायची. थर पातळ व्हायला लागला की चमचा खाली ठेवायची.

"खाइए ना माताजी, ठंडा हो रहा है."

"खाते जी. मेरे को हळूहळूच जातं."

बाई बोलत राहायच्या. सुनेबद्दल, गुडघ्यांबद्दल, मटाराच्या भावाबद्दल. आई मान हलवायची आणि ताटली मांडीवर झाकून धरायची. बाई उतरल्या की ती अंडं खायची, तोवर ते गार झालेलं असायचं. मला राग यायचा.

"गरम खायला सांगितलंय डॉक्टरने. उघड खा. काय करतील?"

"खोली काढून घेतील. मग गरम गरम खा फुटपाथवर," आई म्हणायची.

टरफलांचं तर आणखी अवघड. आमच्या शहरात कचरा लपवता येत नाही. सकाळी गाणं वाजवत गाडी येते, सगळे आपापल्या बादल्या घेऊन फाटकाशी उभे राहतात, ओला वेगळा, सुका वेगळा, आणि गाडीवरचा माणूस बादलीत डोकावून बघतो. मिसळलेलं दिसलं की सगळ्यांसमोर ऐकवतो. मालकीणबाई माझ्या शेजारी उभ्या. तिथे टरफलं टाकणं म्हणजे आपणच जाहीर करणं. म्हणून ती त्याच स्टीलच्या डब्यात भरून मी कॉलेजला न्यायचो आणि कॅन्टीनच्या मागे टाकायचो. एकदा लॅबमधल्या माझ्या मित्राने लोणचं असेल म्हणून डबा उघडला. झाकण हातात धरून तो माझ्याकडे बघत राहिला.

"भिया, अंदर का माल कौन खा गया?"

"माँ."

"और तू छिलके पे गुजारा कर रहा है?"

आईला मी हे सांगितलं. ती खूप हसली, पोट धरून. मग म्हणाली, "उद्यापासून न्यायचं नाही. वाया जातंय."

तिच्या वडिलांनी पलटणीतून निवृत्त झाल्यावर छावणीतल्या एका बंगल्याच्या बागेत काम केलं होतं. तिथे गुलाबांना टरफलं कुटून घालायचे. आईने महूहून येताना रंगाच्या रिकाम्या डब्यांतले तीन गुलाब आणले होते, गच्चीच्या कडेला ठेवलेले. आता ती टरफलं धुवायची, उन्हात कडक वाळवायची आणि दुपारी मी नसताना खलबत्त्यात कुटून पीठ करायची. ते पीठ एका जुन्या हॉर्लिक्सच्या बरणीत. चिमूटभर काढून झाडाच्या बुडाशी घालायची, वर चहाचा चोथा. कुणाला काही कळायचं कारण नव्हतं. पांढरं पीठ, रांगोळीसारखं दिसायचं.

जानेवारी अर्धा सरला तोवर आईच्या चेहऱ्यावर जरा रंग आला. जिना एका दमात चढायला लागली. गुलाबांनाही कळ्या आल्या, मोठ्या, गडद. गच्चीच्या दुसऱ्या टोकाला बाईंची तुळस होती. ती थंडीने पिवळी पडून नुसत्या काड्या राहिल्या होत्या. बाई रोज तिला पाणी घालायच्या, दिवा लावायच्या, आणि येताजाता आमच्या गुलाबांकडे बघायच्या.

"माताजी, क्या डालती हो इसमें?"

"घरचंच खत आहे जी. चायपत्ती."

"चायपत्ती तो मैं भी डालती हूँ. वो सफेद-सफेद क्या है?"

"वो... महू का नुस्खा है."

"थोड़ा मेरे को भी देना."

आई हो म्हणाली आणि विषय बदलला. बाईंनी पुन्हा विचारलं, आईने पुन्हा टाळलं. एकदा बरणी संपली म्हणाली, एकदा डोकं दुखतंय म्हणून आत निघून गेली. मी तिला म्हटलं, खडू कुटून दे आणि सोड. "फसवायचं किती," ती म्हणाली. खडू मी आणला नाही.

त्याच आठवड्यात रिपोर्ट आला. डॉक्टरबाईंनी चष्मा वर करून बघितला आणि तारीख दिली, पुढच्या आठवड्यातली. "यही नाश्ता चालू रखिए," त्या म्हणाल्या. घरी येताना आईने बसमध्ये माझा हात धरला होता. सोडला नाही.

रविवारी मी आत पोहे भिजवत होतो. खिडकी उघडी होती. आई उन्हात बसली होती, बरणी डब्यांपाशीच राहिलेली. बाई आंघोळ करून, ओले केस टॉवेलात गुंडाळून, पाण्याचा लोटा घेऊन वर आल्या. तुळशीकडे जाताजाता वाकल्या आणि त्यांनी स्वतःच बरणी उचलली.

"आज तो मैं ले ही लेती हूँ. तुलसी मैया को भी ताकत आए."

लोटा खाली ठेवला, झाकण फिरवलं, तळहातावर पीठ घेतलं आणि तुळशीसमोर जाऊन उभ्या राहिल्या. मी खिडकीतून बघत होतो. आई काही बोलली नसती तर काही झालं नसतं. पीठ मातीत गेलं असतं, तुळस कदाचित सुधारलीही असती, आणि पुढच्या आठवड्यात ऑपरेशन होऊन आम्ही याच खोलीत परत आलो असतो. मी हा हिशोब केला, आणि आईनेही केला असणार.

मग उठून उभी राहिली. "रुको, बेहेनजी. उसमें मत डालो."

"क्यों?"

"वो अंडे के छिलके हैं."

बाईंचा हात तसाच राहिला. आधी त्यांना वाटलं चेष्टा आहे, हसल्याही जरा. मग आईच्या चेहऱ्याकडे बघितलं. पीठ त्यांनी सांडलं नाही, सावकाश परत बरणीत टाकलं, बरणी जिथली तिथे ठेवली. नळाखाली हात धुतले, परत धुतले, आणि लोटा तिथेच विसरून खाली गेल्या.

मी बाहेर आलो. आई म्हणाली, "तिची तुळस आहे रे. ती हात जोडते तिला." पोहे त्या दिवशी भिजून लगदा झाले.

संध्याकाळी मालक वर आले. शांत माणूस, कधी आवाज चढवल्याचं ऐकलं नव्हतं. खुर्ची दिली, बसले नाहीत.

"आपने तो बोला था, नहीं खाते."

"मैंने बोला था," आई म्हणाली. "इसने नहीं."

"सच बता देते."

"सच बताते तो कमरा देते?" मी विचारलं.

त्यांनी थोडा विचार केला. "नहीं देते," म्हणाले. खरं बोलले, मला ते आवडलं. मग हॉस्पिटलची तारीख विचारली, मी सांगितली. ते कठड्याला टेकून खाली रस्त्याकडे बघत राहिले.

"ऑपरेशन करा लो. माताजी चलने-फिरने लगें, फिर दूसरा देख लेना. जल्दी नहीं है. पर देख लेना."

"ठीक आहे," मी म्हटलं. विनंती केली नाही. त्यांनीही ती अपेक्षिली नसावी.

ते उतरले आणि जिन्यातून बाईंचा आवाज आला. वर आल्या नाहीत, अर्ध्या जिन्यातच थांबल्या होत्या.

"माताजी, एक बात सच-सच बता दो. पहले कभी मेरी तुलसी में डाला तो नहीं?"

"नाही जी. कभी नहीं. मेरे बच्चे की कसम."

"बस," त्या म्हणाल्या. "इतना ही पूछना था."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंडी केटलीत उकडली नाहीत. भांड्यात, गॅसवर, खिडकी उघडी ठेवून उकडली. टरफलं ओल्या कचऱ्यात टाकली. गाडी आली. बाई नेहमीसारख्या शेजारी उभ्या होत्या, आपली बादली धरून, समोर बघत. गाडीवरच्या माणसाने माझ्या बादलीत डोकावलं, उलटी केली. टरफलांचा आवाज झाला. परत फिरताना बाई माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "अस्पताल में कंबल ले जाना. वहाँ के पतले होते हैं." मग पुढे चालत गेल्या.

कांबळं आम्ही नेलं. ऑपरेशन नीट झालं. टाके ओढत होते तरी आई हिंडायला लागली आणि होळीच्या आधी आम्ही महूच्या रस्त्यावर दुसरी जागा घेतली. तिथे दारातच मी आधी सांगून टाकलं की आम्ही अंडी खातो. मालक म्हणाला, मग खा. गुलाबांचे डबे आम्ही नेले. तुळशीत अजून काड्याच होत्या.

आता स्वयंपाकघर आमचं आहे, ऊन थेट आत येतं, कुणी येऊन टेकत नाही. अंड्याचं काय करायचं ते करा, भुर्जी करा, आमलेट करा. थंडी पडली की नाश्ता आईच करते, मला करू देत नाही. ताटली पुढ्यात येते तेव्हा वर पोहे असतात, शेव असते, जिरावण असतं. अंडं खालीच. मी एकदा म्हटलं, आता कशाला लपवतेस?

"लपवत नाही," आई म्हणाली. "खाली गरम राहतं."