चार तुकड्यांचा पायजमा

इस्पितळाच्या धुलाईखान्याला लागून शिवणखोली आहे. तिथे सत्तावीस वर्षं एकच बाई बसते. सगळे तिला टाचणी म्हणतात. बोलताना तोंडात टाचण्या असतात म्हणून, असं ती सांगते. बाकीचे वेगळं कारण सांगतात. चादरींना ठिगळं लावायची, उशांचे अभ्रे शिवायचे आणि रुग्णांच्या गाउनांना बंद लावायचे, हे तिचं काम. पहिली दोन ती निमूट करते. तिसरं करताना तिच्या जवळपास कुणी फिरकत नाही.

गाऊन म्हणजे पुढून झाकलेला आणि मागून उघडा झगा. मानेशी एक बंद, कमरेशी एक. कमरेचा बंद दोन-तीन धुण्यांत तुटतो. "ज्याच्या डोक्यातून हे निघालं त्याला हेच घालून भर बाजारातून फिरवा," ती म्हणते. "दुसऱ्या दिवशी पाठ शिवून आणेल."

हा राग नऊ वर्षांचा आहे. तिचे थोरले दीर पोटाच्या ऑपरेशनसाठी याच इस्पितळात होते. सदऱ्याचं वरचं बटण लावल्याशिवाय ते कधी भावजयीसमोर आले नव्हते. एक्स-रेला नेताना चाकांची खुर्ची मिळाली नाही, म्हणून त्यांना चालवत नेलं. समोरून ही चादरींचा गठ्ठा घेऊन आली. दिरांनी तिला पाहिलं, भिंतीला पाठ लावली आणि तिथेच उभे राहिले. ती उलट पावली परतली, पण व्हायचं ते होऊन गेलं होतं. घरी आल्यावर दोन महिने ते पाणीसुद्धा जाऊबाईंकडेच मागत.

पहिला पायजमा तिने त्याच आठवड्यात शिवला.

चादर मधोमध विरते, कारण माणूस मधोमध झोपतो. दोन्ही कडांचं सव्वा-सव्वा हात कापड शाबूत राहतं. एका कडेतून एक पाय, दुसऱ्या कडेतून दुसरा. उशाकडच्या पट्टीचा नेफा. पायथ्याकडचा चौकोन म्हणजे मियानी, दोन पायांच्या मध्ये बसणारा तुकडा. तो असला की खाली बसताना आसन उसवत नाही. बाहेरच्या बाजूला ती शिवण ठेवतच नाही, कारण खुब्याचे टाके तिथेच असतात. आतून कमरेपासून गुडघ्यापर्यंत जुन्या पांघरुणाचं फ्लॅनेल. शंभरदा धुतलेलं हे कापड कानाच्या पाळीसारखं मऊ होतं. नाडी रुंद, म्हणजे थरथरत्या बोटांनाही ती सापडते. वॉर्डात घरचे कपडे चालत नाहीत. हे पायजमे इस्पितळाच्याच कापडाचे आणि इस्पितळातच उकळून धुतलेले, त्यामुळे सिस्टरांनी ते कधी अडवले नाहीत. म्हाताऱ्या रुग्णांच्या वॉर्डात आठ वर्षं ते चालले. फाटले की नवे जात.

मग भांडारात नवे साहेब आले. त्यांनी परिपत्रक काढलं. बाद झालेलं कापड समितीसमोर फाडायचं, त्याची पुसणी करायची, अख्खी चादर भांडाराबाहेर जाता कामा नये. शिपायांनी चादरी आडव्या टराटर फाडल्या, कडांसकट. टाचणी भांडारात गेली.

"साहेब, कडेचं कापड तेवढं मला देत जा. मधल्याचं काय वाट्टेल ते करा."

"बाई, बाद माल म्हणजे नसलेला माल. नसलेल्या मालाचे पायजमे कसे शिवणार तुम्ही?"

"फाडायला बरा असतो तो!"

"नियम आहे."

"मग त्या नियमाला एकदा गाऊन घालून वॉर्डातून फिरवा."

साहेबांनी तिला बाहेर जायला सांगितलं. वर लेखी समज दिली. ती तिने मशिनच्या खणात टाकली, तुटक्या सुयांबरोबर.

चार महिन्यांत जुने पायजमे संपले. याच सुमारास वॉर्डात एक निवृत्त बस-कंडक्टर आला. खुब्याचं हाड मोडलेलं, ऑपरेशन झालेलं. दुसऱ्या दिवशी उभं राहायचं होतं. चौथा उजाडला तरी तो पलंगावरच. व्यायाम करून घेणारी डॉक्टरीण रोज येई आणि रोज हात हलवत परत जाई.

"काका, दुखतंय का?"

"नाही."

"मग उठा ना."

"मागचं दार उघडं ठेवून मी गाडी सोडत नाही. छत्तीस वर्षांत सोडलेली नाही."

समोरच्या पलंगावरचा म्हातारा हसला. कंडक्टर हसला नाही. त्याने चादर छातीपर्यंत ओढून घेतली.

डॉक्टरीण शिवणखोलीत आली. "छातीत घरघर सुरू झालीय त्यांच्या. पाठ लाल झालीय. या आठवड्यात नाही उठले, तर मग उठवून उपयोग नाही. एखादा तरी पायजमा असेल ना?"

"एखादा?" टाचणीने तोंडातल्या टाचण्या काढून टेबलावर ठेवल्या. "अठ्ठावीस चादरी फाडल्या परवा. शंभरावर फडकी झाली. त्यातली दोन जोडून लंगोट होईल, पायजमा नाही. म्हातारा लाजेने मरणार, आणि हे कागदावर न्यूमोनिया लिहिणार!"

तिने भिंतीवरचं परिपत्रक काढलं आणि पहिल्यांदा शेवटपर्यंत वाचलं. प्रत्येक नगाचे किमान चार तुकडे करावेत. तुकडे मागणीनुसार विभागांना द्यावेत. तुकडे कुणी आणि कसे करायचे, याबद्दल एक अक्षर नव्हतं. ती वॉर्डात गेली आणि सिस्टरांना म्हणाली, "मागणी लिहा. पुसणी, एकशे वीस नग."

"एकशे वीस? एवढी फरशी आहे कुठे आमच्याकडे?"

"लिहा हो. फरशीचं मी बघते."

गुरुवारी बाद चादरींच्या पुढच्या गठ्ठ्यासाठी समिती बसली. भांडाराचे साहेब, मेट्रन आणि हिशेबनीस. टाचणी आपली मोठी कात्री, खडू आणि पुठ्ठ्याचा नमुना घेऊन हजर. शिपायाने चादर उचलताच तिने ती त्याच्या हातातून घेतली. सहा चादरी एकावर एक पसरल्या, नमुना ठेवला, खडू फिरवला आणि कात्री चालवली. कुणी काही विचारायच्या आत पहिला थर सुटा झाला होता.

"हे काय चाललंय?" साहेब उठले.

"फाडतेय."

"हा पायजमा आहे!"

"पायजमा शिवल्यावर होतो, साहेब. हे तुकडे आहेत. एक, दोन, तीन, चार. आणि हा मधला विरलेला, पाचवा. तुम्ही चार म्हणालात, मी एक जास्तच दिला."

"तुम्ही नियमाची थट्टा करताय."

"थट्टा तुम्ही चालवलीय. माणसं उघडी झोपलीत वर आणि तुम्ही धडधाकट कापडाने जिने पुसताय." तिचा आवाज चढला होता. कात्री थांबली नव्हती.

साहेब मेट्रनकडे वळले. मेट्रनबाईंनी चष्मा लावला, तुकडे मोजले, सिस्टरांची मागणी वाचली. "किमान चार आहेत. विभागाची मागणी आहे. माझी सही झाली," त्या म्हणाल्या. हिशेबनीस मेट्रनच्या सहीखाली सही करून चहाला गेला. साहेबांना पेन सापडायला बराच वेळ लागला.

तीस चादरी कापल्या. दुपारी तीनपर्यंत चार पायजमे शिवून, धुलाईखान्याच्या गरम वाफेतून काढून, कोरडे करून तयार होते. पहिला ती स्वतः घेऊन गेली. कंडक्टरने तो उलटसुलट करून पाहिला, आतल्या फ्लॅनेलवरून अंगठा फिरवला.

"खिसा नाही?"

"कशाला, तिकिटं फाडायला? आधी उठा."

तिने पाठ फिरवली, पडदा ओढला. आत सिस्टर, डॉक्टरीण आणि बरंच कण्हणं. मग पडदा सरकला. एक हात चार पायांच्या काठीवर, दुसरा डॉक्टरणीच्या खांद्यावर. सात पावलं दारापर्यंत, सात परत. परतताना तो समोरच्या म्हाताऱ्यावर खेकसला, "बघतोस काय? तूही उतर आता खाली."

दुसऱ्या सोमवारी साहेब शिवणखोलीत आले. टाकाऊतून टिकाऊ असा भांडाराचा उपक्रम वार्षिक अहवालात घालायचं ठरलं होतं. कंडक्टर, पायजमा आणि ती, असा एक फोटो हवा होता.

टाचणीने गठ्ठ्यातून एक गाऊन ओढला आणि त्यांच्यापुढे धरला.

"आधी हा घाला. वॉर्डापर्यंत चालत जाऊन परत या. मग काढा फोटो."

साहेब हसले. तिचा हात तसाच पुढे होता. साहेबांचं हसू मावळलं तरी तिने तो खाली घेतला नाही.