टाचणीनं टोचलेली तारीख

एदमारच्या मोबाइलच्या काचेवर पास्तेलचं, त्या तळलेल्या सारणाच्या पुरीचं, तेल माखलं होतं आणि त्या तेलात बोटांचे ठसे उमटले होते. त्यानं तो पुढं केला तसा दोना नील्झानं हात मागं घेतला.

"धरा की, सासूबाई," जावई तोंडातला घास न गिळताच म्हणाला. "सदतीस चेक! एकेकाचा फोटो काढला आणि दिला बँकेला धाडून. खुर्चीतून उठायलासुद्धा लागलं नाही."

"कुठले सदतीस?"

"डब्यातले. सगळे."

ब्राझीलच्या मिनास प्रांतातल्या त्या डोंगरी गावात, जिथं बाईला मानानं 'दोना' म्हणतात, नील्झाचं कापडाचं दुकान एकतीस वर्षं त्या डब्यावर उभं होतं. गिऱ्हाईक यायचं, थान उलगडायचं, कापड गालाला लावून बघायचं आणि पगार लांब असला की चेक लिहून द्यायचं. काय सह्या असायच्या एकेकाच्या! पेन वर धरायचं, क्षणभर थांबायचं, सगळ्या दुकानाचं लक्ष आहे ना ते बघायचं आणि मग नाव असं फिरवायचं की टाळीच यावी. त्या चेकला टाचणीनं एक चिठ्ठी लागायची: 'पाच तारखेला चालेल', 'वीसनंतर'.

बँकेच्या लेखी त्या चिठ्ठीला काडीची किंमत नव्हती. चेक म्हणजे खातेदारानं बँकेला दिलेला हुकूम. समोर आला की बँक पैसे देणार, खात्यात नसले तर परत फेकणार. वर तारीख पुढची असली तरी. ती तारीख पाळायची दुकानदारानं, दिलेल्या शब्दाखातर. नवरा वारला तेव्हा डब्यात हजारो रियालचे चेक पडून होते. नील्झानं शवपेटी उधारीवर आणली, पण डब्याला हात लावला नाही.

"चिठ्ठ्या कुठायत?" तिनं विचारलं.

"आकड्यावर येत होत्या हो. काढून टाकल्या."

"अरे, या चेकांना तारखा होत्या!"

"बँकेनं कुठं अडवलं? उलट लिहून आलं, धन्यवाद म्हणून."

"तुला माझी मुलगी दिली तेव्हा मी शुद्धीवर नसणार," नील्झा म्हणाली.

पण खात्याचा पासवर्ड त्याला कुणी दिला होता? तिनंच. मोबाइलवरची बँक शिकायचा कंटाळा आला, आकडे बारीक दिसतात अशी सबब काढली आणि तिजोरीची किल्ली दिली एका तेलकट हातात. जावयाचा वीट आला होता, त्याहून जास्त स्वतःचा.

पुढचे दोन दिवस फोन खणखणत राहिले. कुणाचं घरभाडं अडलं, कुणाची वीज तुटायची वेळ आली. नील्झा एकेकाची माफी मागत होती आणि दर माफीगणिक तोंड कडू होत होतं. तिसऱ्या दिवशी दुपारी दोना एफिजेनिया दारात उभी राहिली.

इस्पितळाच्या धोबीखान्यात आयुष्य घालवलेली, सत्तरीची, ताठ बाई. रोझारीच्या, म्हणजे जपमाळेच्या मेरीच्या, सणात नाचणाऱ्या पथकाची कप्तान. सोळा नाचणाऱ्यांसाठी तिनं निळं साटिन नेलं होतं, चारशे ऐंशी रियालचं. पेन्शन पाच तारखेला यायची होती, चिठ्ठीही पाचचीच होती. आज होती चोवीस.

"कॉफी घ्या," नील्झा म्हणाली.

"नको. माझा चेक परत आला. खात्यात साठ रियाल होते, त्यातलेही वीस बँकेनं दंडाला ओढले. उद्या सकाळी परत लावणार म्हणतात. पुन्हा आला, तर माझं नाव खोट्या चेकवाल्यांच्या यादीत. या वयात, नील्झा! पथकापुढं निशाण घेऊन मी कुठल्या तोंडानं चालू?"

"मी नाही केलं हे, जावयानं..."

"चेक तुझ्या हातात दिला होता. तुझ्या जावयाशी माझी ओळखसुद्धा नाही."

नील्झानं बँकेत फोन लावला. पलीकडची मुलगी मधाळ आवाजात म्हणाली, "यंत्रात गेलेला चेक थांबत नाही, मॅडम. खात्यात पैसे असले तर वटेल." इथं एकीचं नाव बुडत होतं आणि ही बया मध ओतत होती! नील्झाला त्या गोडव्याची किळस आली.

बँकेची खिडकी तीनलाच बंद झाली होती. आता एकच वाट उरली: पिक्स, म्हणजे मोबाइलवरून क्षणात पाठवायचे पैसे.

"तुमचा खात्याला जोडलेला नंबर द्या. चारशे ऐंशी आत्ता टाकते."

एफिजेनियाच्या नाकपुड्या फुगल्या. "भीक घालतेस मला?"

"भीक कसली? माझ्या खात्यातून तुमच्यात जातील, चेक वटला की तुमच्यातून परत माझ्यात येतील. तुम्ही पाच तारखेला रोख द्या, ठरल्याप्रमाणं."

"म्हणजे तुझेच पैसे फेरी मारून तुझ्याकडे येणार, एवढ्यासाठी?"

"एवढ्यासाठी."

 एकेक आकडा दाताखाली चावून सांगावा तसा म्हातारीनं नंबर सांगितला. मागं थानांआड उभ्या एदमारनं आपला मोबाइल पुढं केला. "द्या, मी करतो, सासूबाई."

"हात लावू नकोस."

नील्झानं मोबाइल त्याच्या हातून काढून घेतला, काच साबणाच्या फडक्यानं पुसली, चष्मा लावला आणि आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या बोटानं पैसे पाठवले.  एफिजेनियाचं नाव पडद्यावर आलं; तिनं ते दोनदा वाचलं, मगच बटण दाबलं. पासवर्ड त्याच संध्याकाळी बदलला.

सकाळी चेक वटला. एफिजेनियाचं नाव यादीत जायचं वाचलं.

पाच तारखेला एफिजेनिया आली. चारशे ऐंशी रियाल मोजून काउंटरवर ठेवले, स्वतःचा कागदी चेक परत मागून घेतला आणि सहीवरून टर्रकन फाडला. नील्झानं दंडाचे वीस रियाल पुढं सरकवले. नको म्हणेल असं वाटलं होतं. तिनं ते घेतले, घडी करून चोळीत खोवले.

"निळ्या दोऱ्याची दोन रिळं दे."

नील्झानं दिली. एफिजेनियानं रोख पैसे मोजले. नील्झा नेहमीप्रमाणं रिळं कागदात गुंडाळू लागली, तर म्हातारी हलली नाही.

"अजून काही हवंय?"

"पावती," एफिजेनिया म्हणाली.

एकतीस वर्षांत या बाईनं कधी पावती मागितली नव्हती. नील्झानं खण उघडला, पावतीपुस्तकावरची धूळ झटकली आणि दोन रिळांची किंमत लिहायला बसली.