ताइफचे गुलाब आणि आमचे हे

आमच्या ह्यांना, म्हणजे कमलाकरना, काहीही सांगा, उत्तर ठरलेलं: "शटडाऊन संपू दे." सौदीतल्या यान्बूच्या रिफायनरीत ऐन वसंतात मशिनं बंद ठेवून दुरुस्ती काढायची, आणि ताइफचे गुलाब फुलायचे तेही नेमके तेव्हाच! त्यामुळे ताइफजवळचा तो कुणा व्यापाऱ्याचा जुना महाल आणि त्याची बाग मी बावीस वर्षं फक्त दुसऱ्यांच्या फोनमध्ये पाहिली.

आता नोकरी संपली. पुढच्या आठवड्यात फायनल एक्झिट, कायमचं नाशिक. पण हे मान्य करतील तर शपथ! मी कपाट आवरायला काढलं की म्हणायचे, "राहू दे, कंपनी अजून वर्षभर ठेवून घेईल." कोण ठेवून घेतंय? "खलास झालं हो, खलास!" असं रोज ओरडून माझा घसा बसला.

शेवटी ताइफला निघालो, तर जूनमध्ये. महाल देखणा आहे, खोटं कशाला बोलू. लाकडी कोरीव खिडक्या, समोर फूटपट्टी लावून कापल्यासारखी कुंपणं, चौकोनी वाफे, मागे डाळिंब-जर्दाळूंची भलीमोठी राई. आणि गुलाबाच्या वाफ्यांत? नुसते काटे! एक पाकळी नाही. मी कपाळाला हात लावला.

आणि हे कुठे? कारंज्याच्या मागे, गुडघे टेकून, पंपाला कान लावून!

"मंजिरी, बेअरिंग गेलंय बघ ह्याचं."

"अहो, उठा! बाग बघायला आलोय ना आपण?"

तिथले राखणदार हुसेनमियाँ, हैदराबादचे, धावत आले. "साब, वहाँ जाना मना है!" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. हे मात्र त्यांनाच बेअरिंग समजावत बसले.

फाटकापर्यंत सोडायला आलेले हुसेनमियाँ म्हणाले, "मार्च में आइए भाभीजी, पूरा बाग गुलाबी रहता है." मी ह्यांच्याकडे पाहिलं. आता म्हणणार, पुढच्या वर्षी नक्की. मी भांडायला तयारच होते.

ह्यांनी टोपी काढली, वळून बागेकडे पाहिलं आणि म्हणाले, "चला. जातो."

ड्यूटीला निघताना ह्या माणसाच्या तोंडून कधी "येतो"शिवाय दुसरा शब्द निघाला नव्हता.

"जातो काय, जातो? येतो म्हणा!"

"अगं, तूच म्हणतेस ना, खलास झालं म्हणून?"

"मी म्हणते काहीही! निघताना जातो म्हणतात का कुणी? आधी येतो म्हणा!"

हे मान खाली घालून खिशात गाडीची किल्ली शोधत राहिले. किल्ली हातातच होती. मग मीच त्या काट्यांकडे बघून म्हटलं, "येतो हं आम्ही."